तिसऱ्या वेताची कालवड

आमच्या सामायिक गोठ्यात सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा, यावर कधी वाद झाला नाही. गाई-बैल दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्यावर इनाक सहनेप, म्हणजे सहनेपची आई. तिला स्वतःचं नाव असणारच. पण पहिलं मूल झालं की आमच्याकडे बाईचं नाव बासनात बांधून ठेवतात, आणि तिचं बासन सोडून बघायचं धाडस कुणी केलं नाही.

माझा गाळा तिच्या गाळ्याला लागून. तिच्या गाईला पडणाऱ्या शिव्यांतला काही भाग कुडावरून माझ्याही वाट्याला येई. ती गाईला शिव्या देई, विळ्याला देई, ओल्या पेंढ्याला देई. गाय शांतपणे रवंथ करी. शिव्यांनी जनावराच्या अंगी लागतं, असं इनाकचं मत होतं आणि तिची जनावरं बघता ते खोडून काढणं अवघड होतं.

तिचा नवरा मलेशियात पाम तेलाच्या मळ्यावर गेला तेव्हा सहनेप रांगत होती. त्याला न्यायला एक बोट पुरली. परत आणायला पुरेल एवढी मोठी बोट अजून कुणी बांधलेली नाही. तिथे त्यानं दुसरं घर केल्याची बातमी आली, तेव्हा इनाकच्या डोक्यावर वैरणीचा भारा होता. तो न उतरवताच ती म्हणाली, "त्या बाईला माझा सलाम सांगा. म्हणावं, याला कोरड्या पेंढ्यावरच ठेव. चांगलं खायला घातलंस की पळतो."

तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या गाई अर्धेलीनं पाळत आली. रीत साधी आहे. गाय मालकाची, कष्ट पाळणाऱ्याचे. पहिल्या वेताचं वासरू मालकाचं, दुसऱ्या वेताचं पाळणाऱ्याचं, तिसरं पुन्हा मालकाचं. कागद नाही, सही नाही. सगळा व्यवहार पाळणाऱ्याच्या नावावर चालतो. नाव चांगलं असेल तर लोक गाय आणून दारात बांधतात. नाव गेलं की बांधावरची शेळीसुद्धा कुणी देत नाही.

इनाकचं नाव चांगलं होतं, नशीब तेवढं नव्हतं. एकदा तिच्या पाळीचं वासरू मेलेलंच जन्मलं. एकदा तिच्या पाळीचं वासरू पोटात असतानाच मालकानं गाय विकली आणि वर हळहळलाही. केस पांढरे झाले तरी तिच्या मालकीचं एकही शेपूट या जगात हललं नव्हतं.

अशात तुआन हाजी मुख्सिननी तिला एक तांबडी कालवड दिली. तुआन हे मानाचं संबोधन; हाजी भाताच्या गिरणीचे मालक, दोनदा मक्केला जाऊन आलेले, पोट आणि मन दोन्ही मोठं. पैकी पोट नेहमी दिसे. कालवड गाभण राहिली, व्याली, आणि पहिलं वासरू रीतीप्रमाणे तुआनचं झालं. गोऱ्हा होता, पण किरकोळ. पाऊस सरता सरता जन्मला आणि पाठोपाठ कोरडे दिवस आले. त्याचं अंग शेवटपर्यंत भरलं नाही.

आमच्या गोठ्यात वासराला वर्ष झालं की गोठ्याचा मुख्य अमाक रुमिला, म्हणजे रुमिलाचा बाप, त्याच्या छातीभोवती, पुढच्या पायांच्या मागून, काथ्याची दोरी गुंडाळतो. टोकं भिडतात तिथे दोरी तोडतो आणि गाळ्याच्या खांबाला टांगतो. वजनकाटा तालुक्याला आहे आणि तालुका लांब आहे. शिवाय काट्यावर जनावर उभं राहत नाही; दोरी त्याच्याकडे चालत येते. तर तुआनच्या गोऱ्ह्याची दोरी इतकी आखूड निघाली की अमाक रुमिलानं ती टांगण्याआधी इकडे तिकडे बघून घेतलं.

त्यानंतर गाय दुसऱ्यांदा व्याली. ऐन पावसात, बांधावरचा हादगा पानांनी लवलेला असताना. पुन्हा गोऱ्हा, आणि हा इनाकच्या पाळीचा. तो उठून उभा राहिला तेव्हाच बघणारे पुढे सरकले. पायांत पांढरे मोजे, मागे पांढरा ठसा, आणि ढुशी अशी की कासेला लागला की आई दोन पावलं पुढे सरके. चार महिन्यांत तो थोरल्या भावाच्या खांद्याला लागला. इनाक त्याला शिव्या देईना. आम्हांला काळजी वाटू लागली.

बकरी ईदच्या आधी व्यापारी गोठ्यात आला. तुआन हाजी स्वतः आपला गोऱ्हा दाखवायला आले. व्यापाऱ्यानं गोऱ्ह्याभोवती एक फेरी मारली आणि नम्रपणे म्हणाला, "बकरी छान आहे, तुआन. पण मी आज गोऱ्हे बघायला आलोय."

सगळा गोठा हसला. माणसं हसली ते एक वेळ चाललं असतं, पण नेमकं तेव्हाच शेजारी इनाकचं धाकटं वासरू आईच्या कासेला ढुशी मारत होतं, आणि तुआनची नजर त्याच्यावर गेली. थोरल्यावर आली. पुन्हा धाकट्यावर गेली.

शुक्रवारच्या नमाजानंतर गोठ्यासमोरच्या बेरुगाकावर, म्हणजे आमच्या चार खांबांच्या गवती मचाणावर, बैठक बसली. भाजलेले तांदूळ घालून दळलेली कॉफी आली. तुआननी पेल्यात बघत सुरुवात केली.

"एकच गाय. एकच गाळा. एकच बाई पाळणारी. माझं वासरू बकरी, आणि हिचं वासरू हत्ती. मी कुणाचं नाव घेत नाही. फक्त विचारतो, माझ्या वासराच्या वाट्याचं दूध कुणाच्या कॉफीत गेलं?"

खरं तर आमच्याकडे गाईचं दूध काढायची रीतच नाही. ही तांबडी जात स्वतःच्या वासरालाच जेमतेम पुरते.

"तुआन," इनाक खालून ओरडली. तिच्या हातात विळा होता, तो वैरणीसाठी होता, पण बैठक जरा मागे सरकली. "या गाईला दिवसभर पिळलं तरी तुमच्या कॉफीचा रंग बदलायचा नाही. तुम्ही चहा पीत असाल तर सांगा."

"मग माझा गोऱ्हा वाढला का नाही?"

यावर गोठ्यात प्रत्येकाकडे उत्तर होतं. एकाच्या मते नजर लागली. दुसरा म्हणाला, "दोष वळूचा. चांगले गोऱ्हे आपण दरवर्षी ईदला विकतो, उरतं ते मरतुकडं सगळ्या गाईंचा नवरा होतं. मग वासरं कुणासारखी होणार?" हे खरं होतं म्हणून कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्यानं थोरल्याच्या जन्माच्या दिवसाचं नक्षत्र काढलं.

जनावरांच्या दवाखान्यातली हेरानी लस टोचायला आली होती. तिनं खाली बसल्या बसल्या सांगितलं, "तुआन, गाय पहिलारू होती. तिचं स्वतःचं अंग अजून भरत होतं. खाल्लेलं निम्मं तिलाच लागलं, दूध कमी आलं. त्यात वासरू कोरड्या दिवसांच्या तोंडावर जन्मलं. आणि गाय लवकर गाभण राहावी म्हणून वासरू दुधावरून लवकर तोडायला तुम्हीच सांगितलं होतं. पहिल्या वेताचं वासरू बहुधा लहानच असतं."

तुआननी पेला खाली ठेवला. "म्हणजे पहिलटकरणीचं पोर किरकोळ निघतं?"

"गाईंमध्ये, तुआन."

"मी माझ्या आईचा पहिला."

बैठकीनं तुआनच्या पोटाकडे बघितलं आणि हेरानीचा मुद्दा तिथेच पडला.

कुणीतरी सुचवलं, जुन्या कबरीची माती पाण्यात कालवून इनाकला प्यायला द्यावी. खोटी असेल तर पोट फुगेल. "आणा," इनाक म्हणाली, "ऊन फार आहे, मला तहान लागलीच आहे." तुआन हाजींनी हे धर्मात बसत नाही म्हणून मोडता घातला. माती स्वस्त होती, पण ती पिऊन इनाकला काही झालं नसतं तर ते तुआनना महागात पडलं असतं.

"मग काय करायचं?" अमाक रुमिलानं विचारलं. "तुआन, तुम्ही बोललात ते आता गावभर जाणार. उद्या हिला गाय कोण देणार?"

"ते लोकांनी ठरवावं," तुआन म्हणाले.

लोकांनी ठरवलंच होतं. बैठक उठायच्या आत एका मालकानं इनाकच्या गाळ्यातली आपली गाय सोडली; म्हणे बायकोला करमत नाही. इनाकनं त्या रिकाम्या खुंट्याकडे बघितलं. मग विळा कमरेला खोचून ती बेरुगाकाच्या पायरीशी आली.

"तुआन, माझा गोऱ्हा तुम्ही न्या."

एकाला कॉफीचा ठसका लागला.

"न्या म्हणते. दुसरं वेत तुमचं, तिसरं माझं. गाईनं पुन्हा गाभ धरलाय, हेरानीनं हात घालून बघितलंय. हा तुमच्या वाड्यावर वाढवा, तुमच्या हातानं. वर्षाचा झाला की दोरी लावा. माझं पोटातलं मी इथे सगळ्यांदेखत वाढवते. त्याला वर्ष झालं की तीच दोरी त्याला लावा. माझ्या हातात खोट असेल तर दिसेल. नसेल तर तुम्ही इथे उभं राहून तसं म्हणायचं. मोठ्यानं."

"ही पैज झाली," तुआन म्हणाले. "पैज हराम आहे."

"पैज कसली?" अमाक रुमिला म्हणाला. "वासराची अदलाबदल आहे. हरलं तर कुणालाच काही द्यायचं नाही. फक्त एक वाक्य."

तुआननी पुन्हा एकदा धाकट्या गोऱ्ह्याकडे बघितलं. तो सौदा त्यांना फारच सोपा वाटला. इनाकची सहनेप गोठ्याच्या दाराशी रडत होती. "आई, आयुष्यात पहिलं जनावर तुझं झालं, आणि ते तू देऊन टाकलंस!"

"जनावर दिलं," इनाक म्हणाली. "नाव गेलं तर पुढचं जनावर कुठून आणशील? गप्प बस आणि पाणी भर."

गोऱ्हा तिनं स्वतः तुआनच्या घरी नेला. आई मागून हंबरत होती. "अजून पिणारं आहे, तुआन. हादग्याचा पाला द्या, सुबाभूळ द्या. भात घालू नका. ओल्यात बांधू नका."

"माझ्या घरी जनावराला काय घालायचं ते मला कळतं," तुआन म्हणाले, आणि गोऱ्ह्याचे चांगले दिवस सुरू झाले. त्याला शिजवलेला भात मिळे. लग्नाच्या जेवणावळीतलं उरलेलं गोडधोड मिळे. रोज आंघोळ मिळे, त्यामुळे वाडा कायम ओला राही. हिरवा पाला गावाबाहेरून आणावा लागे, म्हणून कोरड्या दिवसांत तो बहुधा मिळत नसे. त्याऐवजी गिरणीचा कोंडा आणि पोटभर पेंढा. पाहुण्यांना गोऱ्हा दाखवत, तेव्हा तुआन त्याच्या पोटावर थाप मारत. पोट ढोलासारखं वाजे. ते त्यांना चांगलं लक्षण वाटे.

इकडे इनाकच्या गाळ्यात एकच गाय उरली. दुसऱ्या मालकानंही आपली सोडून नेली. कोरडे दिवस असे आले की सगळा गोठा पेंढ्यावर आला, माझ्या गाईच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. इनाक मात्र पहाटे निघे, नदीपलीकडे जाऊन हादग्यावर चढे, आणि तिच्या वयाला न शोभेल अशा फांदीवरून खाली पाला टाके.

"इनाक, वासरू अजून पोटात आहे," माणसं खालून ओरडत. "ते काय पाला खातंय?"

"तुझी बायको गरोदर होती तेव्हा तिला काय घातलंस ते तुझ्या पोराकडे बघून कळतंय," ती वरून म्हणे.

शेवटच्या तीन महिन्यांत आईला भरपूर खायला घाला, हे हेरानीनं तिला सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. इनाक म्हणे, गाईनंच मागितलं. हेरानी आणि गाय या दोघींत गाय जास्त बोलकी होती, असं समजून मी वाद घातला नाही.

पावसात गाय व्याली. आम्ही रात्रभर कंदील घेऊन जागल्यासारखी तोंडं करून भर दुपारी गाळ्याभोवती उभे होतो. वासरू बाहेर आलं, इनाकनं शेपूट उचललं आणि परत खाली सोडलं.

कालवड.

आता गोऱ्ह्यापुढे कालवड म्हणजे अंगानं उणीच, हे आमच्या गोठ्यात लहान पोरालाही ठाऊक. अमाक रुमिलानं खांबावरच्या दोरीकडे बघितलं. थोरल्याच्या आखूड दोरीशेजारी आता तुआनकडे गेलेल्या धाकट्या गोऱ्ह्याची दोरी टांगली जायची होती, आणि ती तोडली गेली तेव्हा कालवड जेमतेम चालायला लागली होती. गोऱ्ह्याची दोरी फार लांब निघाली नाही, पण थोरल्यापेक्षा बरीच लांब होती. तुआन समाधानानं घरी गेले.

इनाक एक दिवस गप्प होती. असा दिवस पूर्वी उगवलेला आम्हांला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कालवडीला पहिली शिवी दिली आणि गोठ्यात सगळ्यांना बरं वाटलं.

तिनं पहिला चीक कालवडीला पोटभर पाजला. वासरू तोडलं नाही. ते आपणहून पाल्याकडे वळेपर्यंत पिऊ दिलं. गाळ्यात खाली कोरडं राहावं म्हणून रोज राख टाकली. हेरानीनं जंताचं औषध दिलं ते पाजलं, आणि वर स्वतःचा पपईच्या पानांचा कडू काढा पाजला. जंत पडले तेव्हा श्रेय काढ्याला गेलं. कालवड तीन महिन्यांची झाली तेव्हा लोक गाळ्यासमोर थांबू लागले. सहा महिन्यांची झाली तेव्हा गप्प थांबू लागले. हेरानी एकदा नुसतीच बघून म्हणाली, "इनाक, आईचं ऐन वय आहे. याच वेताला दूध सगळ्यांत चांगलं येतं."

"दूध कसलं, पोरी," इनाक म्हणाली. "हात आहे हा. हात."

कालवडीला वर्ष भरलं त्या शुक्रवारी मशिदीतून माणसं सरळ गोठ्यात आली. तुआन हाजी पुढे, कडक इस्त्रीची पांढरी टोपी घालून. अमाक रुमिलानं खांबावरून गोऱ्ह्याची दोरी काढली. इनाकनं कालवडीचा कान धरला. दोरी खालून गेली, वर आली, आणि टोकं एकमेकांकडे बघत राहिली. मध्ये चार बोटांची जागा होती. तिथे तांबडं, चकचकीत अंग दिसत होतं.

"पुन्हा लाव," तुआन म्हणाले.

पुन्हा लावली. पुन्हा चार बोटं.

"तिनं श्वास धरलाय."

सगळा गोठा कालवडीच्या श्वासाची वाट बघत उभा राहिला. कालवडीनं शांतपणे श्वास सोडला, घेतला, शेण टाकलं, आणि चार बोटं होती तिथेच राहिली.

"दोरी काथ्याची आहे," तुआन म्हणाले. "पावसात आकसते."

हेरानी पुढे आली आणि तिनं टेप लावला. "गोऱ्ह्यालाही तेव्हा टेप मीच लावला होता, तुआन. तुमच्याच अंगणात. कालवड जास्त आहे. आणि ही कालवड आहे, गोऱ्हा नाही."

आता बोलण्यासारखं कुणाकडे काही उरलं नव्हतं, एका माणसाखेरीज. तुआन हाजी बेरुगाकाच्या पायरीवर चढले. आधी त्यांनी अल्लाची स्तुती केली, मग सबुरीचं महत्त्व सांगितलं, मग माणूस चुकांचा पुतळा कसा आहे ते सविस्तर सांगितलं. ऊन कलायला लागलं. इनाक कमरेवर हात ठेवून उभी होती. शेवटी तुआन थांबले, त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि साध्या आवाजात म्हणाले, "या बाईच्या हातात खोट नाही. खोट माझ्या जिभेत होती."

वाईट माणसाला हे इतकं नीट म्हणता आलं नसतं.

"मागच्या गाळ्यातल्या म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही," इनाक म्हणाली.

"आलं, आलं!" म्हातारा मागून ओरडला.

"त्याला कमी ऐकू येतं. काहीही म्हणतो."

तुआननी ते पुन्हा म्हटलं. या वेळी रस्त्यावरून जाणारा मोटरसायकलवालाही थांबला. मग सगळ्यांनी एकदमच ओरडा केला, म्हाताऱ्यानं खांबाला टांगलेला डबा वाजवला, गाई बिथरल्या, आणि सहनेप पुन्हा रडली. पण आता तिला कुणी पाणी भरायला सांगितलं नाही. इनाकच्या चेहऱ्यावर काही फरक दिसला नाही. फक्त तिनं कालवडीचा कान सोडला नव्हता, आणि कालवड मान वाकडी करून तशीच उभी होती.

गर्दी पांगायच्या आत गाय सोडून नेणारा पहिला मालक दोरी हातात घेऊन आला. बायकोला म्हणे आता करमतंय. दुसरा त्याच्या मागे होता. दोघांना इनाकनं रांगेत उभं केलं. "गाय कुणाची? आधी कुठे होती? किती वेतं झाली?" मालक पाळणाऱ्याला प्रश्न विचारतात, अशी आमची रीत. त्या दिवशी ती उलटी चालली आणि कुणाची हरकत दिसली नाही.

सगळ्यात शेवटी तुआन हाजी आले. "इनाक, माझा गोऱ्हा..." त्यांनी घसा खाकरला. "पोट फार दिसतं त्याचं. मागचं अंग भरत नाही. तू त्याला तुझ्या गाळ्यात घे."

"घेते," इनाक म्हणाली. "पण पाला तुम्ही आणायचा. पहिला आठवडा. मला बघायचंय, पाला म्हणजे काय ते तुम्हांला ठाऊक आहे का."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुआन हाजी मुख्सिन मोटरसायकलवर मागे हादग्याचा भारा बांधून गोठ्यात शिरले. अंगावर पाला, टोपीत पाला, एका गालावर ओरखडा. आम्ही सगळे आपापल्या गाळ्यांत अचानक फार कामात होतो. इनाकनं भारा सोडला, उलटा केला, एक फांदी उचलून उजेडात धरली.

"काड्याच फार आणल्यात, तुआन," ती म्हणाली. "उद्या पानं आणा."